सिद्धांत, बहुमताने मंजूर

ज्या वर्षी आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही, त्या वर्षी मी पुण्यात पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होते. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं म्हणून फेब्रुवारीत आठ दिवसांसाठी घरी आले आणि जूनपर्यंत राहिले. आईचा डोळा दोन आठवड्यांत बरा झाला. बाकीचे महिने कसे गेले ते सांगते.

एसटी कडा गावाच्या पुढं आली तेव्हाच कळलं की यंदा काही खरं नाही. जो थोडाफार ऊस उभा होता तो लोकांनी जनावरांपुढं कापून टाकला होता. कारखान्याच्या केनयार्डात, जिथं दरवर्षी उसाच्या ट्रकांची रांग लागायची, तिथं चारा छावणी पडली होती. वडील कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होते. उसाच्या नोंदी आणि वजनकाटा त्यांच्याकडं. नोंदायला ऊस नव्हता आणि तोलायलाही नव्हता, तरी ते रोज नऊला जाऊन एसी लावून बसायचे. सहा कॉम्प्युटर आणि एक मोठा सर्व्हर, सगळे नुसतेच थंड होत राहायचे.

माझा विषय तीन खात्यांच्या बांधावर होता. गणितवाले म्हणायचे ही भौतिकशास्त्राची, भौतिकशास्त्रवाले म्हणायचे ही कॉम्प्युटरची, आणि कॉम्प्युटरवाल्यांनी मला त्यांच्या खोलीत टेबलही दिलं नव्हतं. विषय सांगायला तसा अवघड नाही. नऊ घरांचा चौकोन काढा, तीन आडव्या ओळी, तीन उभ्या. प्रत्येक घरात 'हो' किंवा 'नाही' लिहायचं. अट अशी की प्रत्येक आडव्या ओळीत 'नाही'ची संख्या सम हवी. उभ्या ओळींतही सम, फक्त शेवटच्या उभ्या ओळीत विषम. हे जमत नाही. आडवं मोजलं तर सगळे 'नाही' मिळून सम येतात, उभं मोजलं तर विषम. पण घरांत आधीपासून उत्तरं लिहिलेलीच नाहीत, एका वेळी एकच ओळ विचारायची आणि विचारल्यावरच उत्तर तयार होतं, असं क्वांटमच्या नियमांनी धरलं, तर हा चौकोन दर वेळी अट पाळून दाखवतो. असे मोठमोठे तक्ते असतात. कुठला तक्ता क्वांटमला जमेल आणि कुठला त्यालाही जमणार नाही, हे कॉम्प्युटरला ठरवता येतं का, हा माझा प्रश्न. एका विशिष्ट जातीच्या तक्त्यांसाठी ठरवता येतं, असं मी सिद्ध केलं होतं, किंवा तसं मला वाटत होतं. आता हजारो तक्ते यंत्रावर चालवून खात्री करायची राहिली होती आणि माझा लॅपटॉप दोन तक्त्यांतच तापायचा.

मी वडिलांना म्हटलं, "दादा, तुमचा सर्व्हर रिकामाच आहे."

"अर्ज कर," वडील म्हणाले.

मी अर्ज केला. तो त्यांनीच घेतला, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "अर्जदारानं संचालक मंडळापुढं हजर राहायचंय." घरी मी त्यांची लेक होते. कारखान्याच्या फाटकाच्या आत त्यांनी मला शेवटपर्यंत अर्जदारच म्हटलं.

संचालक मंडळाच्या बैठकीत मी नऊ घरांचा चौकोन फळ्यावर काढला. चेअरमन साहेब पांढऱ्या कपड्यांतले, जाड मिशांचे, बोलायला मऊ. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे ताई, ह्यातून सापडणार काय?"

"काही सापडणार नाही. काय सापडू शकत नाही ते कळेल."

"आन् त्याला किती दिवस लागतील?"

"दोन महिने तरी."

एक संचालक म्हणाले, "आमी चार बोअर घेतले, तवा कळलं काय सापडत न्हाई. ताई एसीत बसून सांगत्यात. देऊन टाका."

ठराव झाला. मी दुसऱ्या दिवसापासून वडिलांच्या शेजारच्या खुर्चीवर बसू लागले.

अडचण एकच होती, विजेची. गाळप चालू असलं की कारखाना स्वतःची वीज स्वतः करतो. बंद असला की गावाच्या लाइनीवर जगतो, आणि गावाला लोडशेडिंग. माझा प्रोग्रॅम एकेक तक्ता घ्यायचा, बहुतेकांचं उत्तर काही मिनिटांत यायचं. काही तक्ते मात्र तासन्‌तास चालायचे आणि मध्येच वीज जायची. अशा तक्त्यांपुढं मी वहीत 'लाइट गेली' असं लिहायचे आणि पुढचा तक्ता घ्यायचे. महिन्याभरात वहीत तीन हजारांवर उत्तरं झाली आणि शंभरेक वेळा 'लाइट गेली'. एकही उत्तर माझ्या सिद्धांताच्या विरोधात नव्हतं. मी मार्गदर्शक सरांना तसं फोनवर कळवलं. ते म्हणाले, "छान. लिहायला घे."

मग एका स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली, 'कारखान्यात क्वांटमचे संशोधन', शेजारी चेअरमन साहेबांचा सर्व्हरवर हात ठेवलेला फोटो. तिथून गोष्टीला पाय फुटले.

कारखान्यात दोन पॅनेलं होती. सत्तेतलं चेअरमन साहेबांचं आणि दुसरं विरोधी. विरोधी पॅनेलचे पुढारी हे पूर्वी पाच वर्षं चेअरमन राहिलेले, उंच, तापट गृहस्थ. त्यांनी पत्रक काढलं की सभासदांचा ऊस जळाला, कारखाना बंद पडला, आणि चेअरमन एसीत क्वांटम चालवतात. त्याला चेअरमन साहेबांनी उत्तर दिलं की हे संशोधन साऱ्या जिल्ह्याची शान आहे. यावर विरोधकांनी म्हटलं, संशोधनच खोटं आहे.

विरोधी पुढाऱ्यांनी मला घरी चहाला बोलावलं. फार आपुलकीनं बोलले. मग हळूच म्हणाले, "ताई, खरं सांगा. ह्ये खोटं निघायचा चान्स किती?"

मी म्हटलं, "जोवर दुसऱ्यानं तपासलं नाही तोवर कुठलीही सिद्धता चुकीची निघू शकते."

तीन दिवसांनी दुसरं पत्रक आलं. 'संशोधक स्वतः म्हणतात, चुकीचे असू शकते.' पाठीमागं पुरावा म्हणून माझा नऊ घरांचा चौकोन छापला होता.

आता तालुक्यात दोन तट पडले. बाजारात भाजी घेताना अनोळखी माणूस थांबवून म्हणायचा, "ताई, काळजी करू नका. आमचं सगळं गाव तुमच्याच सिद्धांताचं हाय." दुसरा मला बघून तोंड फिरवायचा. केशकर्तनालयात क्वांटमवरून दोघांची गचांडी धरेपर्यंत मजल गेली असं कानावर आलं. दोघांपैकी कुणालाही सिद्धांत काय आहे ते माहीत नव्हतं, पण त्याच्या खरेपणाबद्दल दोघांची मतं पक्की होती.

मी वडिलांना विचारलं, "दादा, लोकांना याच्यावर कशाला भांडायचंय?"

वडिलांनी रिकाम्या वजनकाट्याकडं बघितलं. मग म्हणाले, "उसाच्या भावावर भांडावं, तर ऊस न्हाई. नोकरभरतीवर भांडावं, तर काम न्हाई. पाण्यावर भांडायला लोक भितात, तिथं डोकी फुटतात. तुझ्या सिद्धांतावर भांडलं तर कुणाचं काही जात न्हाई." मग त्यांना आपण कुठं बसलोय ते आठवलं असावं. "अर्जदारानं त्यात पडू नये," असं म्हणून ते रजिस्टर पुसायला लागले.

एप्रिलमध्ये एक दिवस एसीच्या खोलीच्या दाराशी एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. चपला बाहेर काढलेल्या, हातात ते पत्रक. शिरूर कासारकडच्या एका खेड्यातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. मुलगा आणि सून ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले, म्हणून दोन बैल आणि एक गाय घेऊन ते स्वतः छावणीत येऊन राहिले होते. गावात असले की बुद्धविहारात मुलांच्या शिकवण्या घ्यायचे. इथं बैलांना गणित शिकवता येत नाही, असं ते हसून म्हणाले.

"ताई, हा चौकोन भरत न्हाई," पत्रकावर बोट ठेवून ते म्हणाले. "मी दोन दिवस बघितला. आडवं सम येतंय, उभं विषम. कावून छापलाय मग?"

मी त्यांना आत बसवलं आणि क्वांटमचं सांगितलं. एका वेळी एकच ओळ विचारता येते, आणि एकाच घराचं उत्तर आडव्या ओळीत विचारलं तर एक आणि उभ्या ओळीत विचारलं तर दुसरं येऊ शकतं. मला वाटलं, आता ते नाही म्हणतील. पुण्यातल्या चांगल्या चांगल्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट पचत नाही.

गुरुजी म्हणाले, "आसं व्हय. पंचनाम्यात आसंच आसतंय. माणूस भावाशेजारी बसवून विचारला तर एक सांगतो, सरपंचाशेजारी बसवून विचारला तर दुसरं. दोन्ही वेळा खरंच सांगत आसतो."

मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

"तुमची पद्धत मला वाचाय द्या," ते म्हणाले. मी सिद्धता सोप्या मराठीत एका दोनशे पानी वहीत लिहून दिली. तक्ता कसा घ्यायचा, कुठली ओळ कुठल्या ओळीत मिळवायची, काय उरलं तर थांबायचं. त्यांनी वही निळ्या कापडात बांधून नेली. त्यानंतर कधी छावणीवरून गेले की ते बाजेवर बसून, शेजारी गाय रवंथ करतेय, आणि वहीत घरं आखतायत असे दिसायचे. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा मिळाला.

इकडं कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा पुढं ढकलत ढकलत मे महिन्यात आली. विषयपत्रिकेत मागच्या बैठकीचं इतिवृत्त वगैरे आठ विषय आणि नववा असा: 'कॉम्प्युटर विभागात झालेल्या क्वांटम संशोधनास कार्योत्तर मंजुरी देणे व सदर संशोधन बरोबर असल्याचे मान्य करणे.'

मी चेअरमन साहेबांना भेटले. "साहेब, संशोधन बरोबर आहे की नाही हे मतानं ठरत नाही."

"ठरत न्हाई कसं?" ते मऊ आवाजात म्हणाले. "ह्या कारखान्यात सगळं मतानंच ठरतं. तुमी घाबरू नका. आपल्याकडं आकडा हाय."

सरांना फोनवर सांगितलं. त्यांनी नववा विषय पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, "मंजूर झालं तर जर्नलला कळवू नकोस."

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी गुरुजी आले. निळं कापड सोडून वही माझ्यापुढं उघडली. चेहरा उतरलेला.

"ताई, माझंच काहीतरी चुकलं आसंल," ते म्हणाले. "ह्या तक्त्यात दोन ओळींची दोन घरं सामाईक हायत. तुमी सांगितल्यापरमानं एकेक पायरी करत गेलतो. सतरा पानं झाली. आन् सतराव्या पानावर पुन्हा पहिल्या पानाचाच तक्ता आला. मला वाटलं नजरचूक झाली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तीन बारीला तेच. ह्याला शेवटच न्हाई."

मी एकेक पायरी तपासली. दीड तास गेला. वडिलांनी दोनदा पाणी आणून ठेवलं. गुरुजींचं काही चुकलं नव्हतं. माझ्या सिद्धतेत मी गृहीत धरलं होतं की प्रत्येक पायरीला तक्ता लहान होतो. सामाईक घरांच्या वेळी तो लहान होत नाही, फक्त फिरतो. फिरत फिरत जिथून निघाला तिथं येतो आणि पुन्हा निघतो, जन्मभर.

मग मला माझी दुसरी वही आठवली. ती उघडली. 'लाइट गेली' लिहिलेले शंभरेक तक्ते एकेक करून बघितले. जवळजवळ प्रत्येकात दोन ओळींची दोन घरं सामाईक होती. त्या तक्त्यांचं उत्तर लाइट गेली म्हणून राहिलं नव्हतं. लाइट असती तरी ते कधीच येणार नव्हतं. माझा सिद्धांत महिनाभर रोज माझ्या डोळ्यांपुढं खोटा ठरत होता आणि मी त्याचं खापर वीज मंडळावर फोडत होते.

मला रडू आलं. गुरुजी घाबरले. "न्हाई तर ऱ्हाऊ द्या ताई. कुणाला सांगत न्हाई मी."

"नाही गुरुजी. सांगायलाच पाहिजे."

चेअरमन साहेबांकडं गेले आणि नववा विषय मागं घ्या म्हटलं. ते खरोखर वाईट वाटून म्हणाले, "ताई, चौदा दिवस आधी नोटीस गेली. छापली. आता मागं घ्यायची तरतूद न्हाई. घेतला तर विरोधक कोर्टात जातील."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात मांडव भरला होता. एवढे सभासद ऊस चांगला होता त्या वर्षीही आले नव्हते, असं वडील म्हणाले. पहिले आठ विषय 'मंजूर, मंजूर' अशा दहा मिनिटांत संपले. नवव्याला दोन्ही बाजू सावरून बसल्या. सत्ताधाऱ्यांचे एक वक्ते म्हणाले की हा सिद्धांत आपल्या काळ्या मातीतून आलाय. विरोधकांनी आणलेले एक कनिष्ठ महाविद्यालयाचे प्राध्यापक म्हणाले की बारावीच्या अभ्यासक्रमात असलं काही नाही, तेव्हा सभेनं विचार करावा.

मी हात वर करून माइक मागितला आणि सांगितलं, "हा सिद्धांत चुकीचा आहे. काल गुरुजींनी चूक शोधून काढली. मी तपासली. चूक माझी आहे."

मग विरोधी पुढारी उठले आणि मोठ्या आनंदानं म्हणाले की गुरुजी आमच्या पॅनेलचे आहेत, त्यांना स्टेजवर आणा. मागच्या रांगेतून गुरुजी उभे राहिले.

"मी कुणाच्या पॅनेलचा न्हाई," ते म्हणाले. "मी छावणीतला हाय. वही ताईंची हाय, चूक बी ताईंची हाय. नीट होण्यासारखी हाय." आणि खाली बसले.

सत्ताधाऱ्यांतून कुणीतरी ओरडलं, "ताईंवर दबाव आणलाय." दुसऱ्यानं म्हटलं, "ताईंना फोडलं." मी पुन्हा माइककडं गेले, तर एक ओळखीचे काका हात जोडून म्हणाले, "ताई, तुमी आता बोलू नका. आमी तुमच्या पाठीशी हाय." चेअरमन साहेबांनी मतदान पुकारलं. हात मोजायला कर्मचारी म्हणून माझे वडील उभे राहिले. बोट करत, ओठ हलवत, ते प्रत्येक रांग मोजत गेले. बायकांच्या रांगेत आई काळा चष्मा लावून बसली होती. तिच्या नावावर एक शेअर होता. तिनं हात वर केला होता, बाजूनं. वडील तिच्यापाशी जरासे थांबले, मग तिचाही हात मोजला.

सिद्धांत मोठ्या बहुमतानं मंजूर झाला. शाल आणि नारळ देऊन माझा सत्कारही झाला. टाळ्या पडत होत्या आणि मी चुकीच्या सिद्धांतासाठी शाल पांघरून उभी होते.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, "मी स्वतः चुकीचा म्हणत असताना तू हात वर केलास?"

"तू रागानं कायबी बोलशील," आई म्हणाली. "तीन वर्षं केलेलं काम, चारचौघांत खोटं म्हणायला मी काय परकी हाय का?"

संध्याकाळी मी आणि गुरुजी चेअरमन साहेबांकडं गेलो. ठराव रद्द करता येतो का, विचारलं. ते म्हणाले, विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल, त्यासाठी पुरेशा सभासदांच्या सह्यांची मागणी हवी.

"तोवर ह्ये खरं धरायचं का?" गुरुजींनी विचारलं.

चेअरमन साहेबांनी विचार केला. "कारखान्याच्या हद्दीत खरं धरा," ते म्हणाले. "भाईर तुमचं तुमी बघा."

तशा सह्या पुढं कुणी गोळा केल्या नाहीत. जूनच्या अखेरीस छावणी उठली, मी पुण्याला गेले. सरांनी चूक बघितली, टेबलावर डोकं टेकवलं आणि थोड्या वेळानं विचारलं, "हे गुरुजी कुठल्या विद्यापीठाचे?" तक्ता फिरून परत आला हे ओळखायला पद्धतीत एक पायरी वाढवणं सोपं होतं. पण परत आल्याचा अर्थ काय, तो तक्ता क्वांटमला जमतो की नाही, हे ठरवायला मला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात गुरुजींची पोस्टानं सव्वीस पत्रं आली, प्रत्येकात आखलेली घरं. दोन ठिकाणी त्यांनी मला वाचवलं. एका ठिकाणी ते स्वतः चुकले, तेव्हा पुढच्या पत्रात त्यांनी माफी मागितली आणि चूक लाल शाईनं खोडून पाठवली, जशी शाळेत खोडत असतील.

शोधनिबंध आम्हा दोघांच्या नावानं गेला. जर्नलच्या फॉर्ममध्ये लेखकाची संस्था लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. मी फोन केला.

"शाळा लिहू का गुरुजी?"

"शाळेतून मी निवृत्त झालो. खोटं कशाला लिहायचं? निवृत्त लिहा."

मी संस्थेच्या जागी 'निवृत्त' लिहिलं. ते तसंच छापून आलं. परदेशातल्या एका माणसानं मला पत्रानं विचारलं की ही निवृत्त नावाची संस्था भारतात नेमकी कुठं आहे, तिथं पाहुण्या संशोधकांची सोय होते का.

त्यानंतर वर्षभरानं गुरुजींचा फोन आला. त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर त्याच जर्नलची मेल आली होती. कुणा दुसऱ्याचा निबंध तपासून द्या, अशी विनंती. मुलाला इंग्रजी थोडंफार वाचता यायचं, बाकीचं मी फोनवर सांगत गेले. गुरुजींनी तपासायला चार महिने घेतले. संपादकांच्या दोन आठवण करून देणाऱ्या मेल आल्या, त्यांना गुरुजींनी मुलाकरवी 'काम चालू आहे' एवढंच कळवलं. मग एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"ताई, चूक हाय त्यात. नवव्या पानावर. लई खोल हाय, पुढचं सगळं तिच्यावरच उभं हाय."

"मग तसं लिहून पाठवू या."

मागं कुठंतरी गाय हंबरत होती.

"पाठवू," ते म्हणाले. "पण आधी चांगलं काय हाय ते लिवा. सातव्या पानावर त्या माणसानं लई सुंदर युक्ती केलीया. ती आधी लिवा, मग चूक."